खत मुळाशीं पोहोंचलें पाहिजे

आधार : लूक १३ : ६–९



प्रभूच्या दृष्टांतांपैकीं अंजिराच्या निष्फळ झाडाचा दृष्टांत आपणां शेतकरी लोकांस विशेष जवळचा वाटावा असा आहे. एका मनुष्याच्या मळ्यांत अंजिराचें झाड होतें. तीन वर्षें तो फळ पाहावयास आला आणि तिन्ही वर्षें रिकाम्या हातांनीं परत गेला. शेवटीं झाड तोडावें असें त्याच्या मनांत आलें. परंतु माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली, आणि त्या मुदतींत आपण काय करणार तेंहि सांगितलें. त्यानें दोन कामें सांगितलीं : आधीं झाडाभोंवतीं खणणें, आणि मग खत घालणें.

ह्या दृष्टांतावर आपण धन्याच्या सहनशीलतेविषयीं पुष्कळ ऐकिलें आहे, आणि तें योग्यच आहे. आज आपण माळ्याच्या हातांकडे पाहूं. त्यानें खताची पाटी झाडाच्या शेंड्यावर उपडी करण्याचें ठरविलें नाहीं. त्यानें कुदळ आधीं घेतली व पाटी मागून घेतली. कारण खत मुळाशीं पोहोंचल्यावांचून झाडास त्याचा लाभ होत नाहीं, हें तो जाणत होता. जें खत मुळाशीं पोहोंचत नाहीं तें न दिल्यासारखेंच आहे. किंबहुना तें अधिक वाईट, कारण त्याचे पैसे गेलेले असतात.

कोणी म्हणेल, ‘उपदेशाच्या वेळीं खताची पिशवी कशाला?’ बंधूंनो, ज्यानें पेरणारा, मोहरीचा दाणा, निदण आणि द्राक्षवेल ह्यांवरून स्वर्गाच्या राज्याचे धडे दिले, त्याच्या शिष्यांस हा प्रश्न शोभत नाहीं. सॅम हिगिनबॉटम नांवाच्या मिशनऱ्यानें १९१० सालीं अलाहाबादेजवळ नैनी येथें शेतकीची शाळा काढिली, आणि सुवार्ता व नांगर ह्यांची सांगड घालणारें पुस्तक १९२१ सालीं प्रसिद्ध केलें. भुकेल्या मनुष्यास पीक कसें काढावें हें शिकविणें हा सेवेचाच भाग आहे, असें त्याचें मत होतें. आपल्या गांवांत तर हा प्रश्न पोटाचा आहे तसाच कर्जाचाहि आहे. रब्बीच्या तोंडावर कित्येक घरीं खताच्या पिशव्या उधारीनें येतात. कोठें कोठें कारभारणीच्या गळ्यांतील डोरलें गहाण पडतें. अशा पैशाचें खत जो बेफिकिरीनें उधळतो तो आपल्या लेंकरांच्या तोंडचा घास उधळतो.

समजा, दोघे भाऊ आहेत. बापाच्या काळ्या रानाची वांटणी होऊन दोघांच्या वांट्यास एकेक एकर ओलिताची जमीन आली आहे. मध्यें फक्त बांध आहे. दोघे गहूं पेरितात. दोघे एकाच दुकानांतून सारख्याच पिशव्या आणितात. थोरला पेरणी उरकतो, सगळें खत मुठीमुठीनें वरून फेंकितो आणि दोन दिवसांनीं पाट सोडितो. धाकटा दोन चाड्यांची पाभर मागून आणितो, खत बियांच्या खालीं पेरितो आणि युरियाचा मोठा भाग घरीं झांकून ठेवितो. दीड महिन्यानें थोरला बांधावर उभा राहून म्हणतो, “माझ्या वांट्यास खडकाळ तुकडा आला.” धाकटा म्हणतो, “दादा, रान एकच होतें. तुमचें खत वर राहिलें, माझें खालीं गेलें, एवढाच फरक.”

ह्या धाकट्या भावानें चार प्रश्नांचीं उत्तरें आधीं शोधिलीं होतीं : खत कोणतें, किती, कोठें आणि केव्हां. तेच प्रश्न आपण क्रमानें पाहूं.

पहिला प्रश्न : खत कोणतें?

संयुक्त खताच्या पिशवीवर तीन आंकडे असतात. समजा, १२:३२:१६ असे आंकडे आहेत. त्यांचा अर्थ असा कीं, शंभर किलो खतांत १२ किलो नत्र, ३२ किलो स्फुरद व १६ किलो पालाश आहे. म्हणजे ५० किलोच्या पिशवींत ६ किलो नत्र, १६ किलो स्फुरद आणि ८ किलो पालाश. क्रम नेहमीं हाच असतो. नत्रानें पानें हिरवीं होतात व वाढ होते. स्फुरदानें मुळें पसरतात व फुटवे जोर धरितात. पालाशानें ताट बळकट होतें, दाणा भरतो, आणि रोग व पाण्याचा ताण सोसण्याची शक्ति येते. संयुक्त खताचा गुण हा कीं, त्याच्या प्रत्येक दाण्यांत हीं द्रव्यें एकत्र असतात. निरनिराळीं खतें आपण घरीं कालविलीं तर बारीक दाणे तळाशीं बसतात आणि शेतांत एकीकडे एक व दुसरीकडे दुसरें पडतें. संयुक्त खतांत तसें होत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत कार्ल श्प्रेंगेल व युस्टुस फॉन लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं एक मोठा नियम जगापुढें मांडिला. पिकास लागणाऱ्या द्रव्यांपैकीं जें सर्वांत कमी पडतें, त्याच्या मापानें पीक येतें. बाकीचीं कितीहि वाढविलीं तरी तीं वायां जातात. गाडीचा एक बैल लंगडा असेल तर दुसऱ्यास कितीहि चारा घाला, गाडी लंगड्याच्याच चालीनें चालणार. त्याप्रमाणें स्फुरदाची उणीव नत्रानें भरत नाहीं.

ह्या ठिकाणीं आपल्यापुढें एक मोह उभा राहतो. युरियाची किंमत सरकारनें बांधून ठेविली आहे; २०१० पासून स्फुरद व पालाश ह्यांच्या खतांचें अनुदान निराळ्या रीतीनें ठरतें, आणि तीं खतें युरियाहून बरींच महाग पडतात. म्हणून गरीब मनुष्याचा हात युरियाकडे जातो. शिवाय युरिया डोळ्यांस भुलवितो. तो पडला कीं थोड्याच दिवसांत शेत हिरवेंगार दिसूं लागतें आणि येणारे जाणारे वाखाणणी करितात. पण केवळ नत्रावर वाढलेलें ताट मऊ असतें. मावा त्यावर आधीं बसतो, आणि ओंबीचें वजन व वारा एकत्र आले म्हणजे तें लोळतें. प्रभूस पानांनीं भरलेलें पण फळ नसलेलें झाड वाटेंत भेटलें होतें, हें आपणांस ठाऊक आहे. हिरवेंपण म्हणजे फळ नव्हे.

दुसरा प्रश्न : खत किती?

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें शिकविलें. खताचेंहि तसेंच आहे. हिशेबाची सुरुवात मातीच्या परीक्षेनें होते. शेतांतून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी, ती एकत्र मिसळून शेवटीं अर्धा किलो ठेवावी व सावलींत वाळवावी. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची किंवा उकिरड्याच्या जागेची माती घेऊं नये. आणि खताच्या रिकाम्या पिशवींत नमुना कधींहि भरूं नये; नाहींतर परीक्षा शेताची न होतां पिशवीची होईल. २०१५ पासून सरकारतर्फे मातीच्या परीक्षेवरून जमीन-आरोग्य पत्रिका मिळूं लागल्या आहेत. पुष्कळ घरीं ती पत्रिका आढ्याला खोंचून ठेविलेली असते. ती काढा आणि वाचा.

आतां धाकट्या भावाचा हिशेब पाहा. वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हास साधारणपणें हेक्टरीं १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावें अशी शिफारस आहे. एकरीं तें सुमारें ४८, २४ व १६ किलो होतें. १२:३२:१६ च्या दीड पिशवीनें, म्हणजे ७५ किलोंनीं, २४ किलो स्फुरद पुरें झालें. त्याबरोबर ९ किलो नत्र व १२ किलो पालाश आलें. पालाश ४ किलो कमी पडलें, तें म्युरेट ऑफ पोटॅशच्या सुमारें ७ किलोंनीं भरून निघालें. नत्र अर्धें पेरणीच्या वेळीं द्यावयाचें, म्हणजे २४ किलो; त्यांतील ९ किलो आलेंच आहे, राहिलेल्या १५ किलोंसाठीं ३३ किलो युरिया लागला. उरलेलें २४ किलो नत्र पुढें द्यावयाचें. त्यास ५२ किलो युरिया. म्हणजे ४५ किलोच्या दोन पिशव्यांत सगळें भागून पांच किलो युरिया शिल्लक राहिला. मातीच्या परीक्षेंत एखादें द्रव्य भरपूर निघालें तर त्याचें माप ह्याहून कमी करावें. उणें निघालें तर वाढवावें.

अधिक घातलें म्हणजे अधिक पिकेल, हा भ्रम आहे. खत हें एका अर्थीं मीठच आहे. भाजींत मीठ हवें, पण दुप्पट मीठ घातलेली भाजी कोणी खात नाहीं. तसेंच दाट पडलेलें खत मुळांतून पाणी ओढून घेतें आणि कोंवळें रोप करपतें. शिवाय सर्व पिकांस माप एक नाहीं. हरभऱ्याच्या मुळांवर गांठी असतात, आणि त्यांतील सूक्ष्म जीव हवेंतील नत्र घेऊन झाडास देतात. म्हणून हरभऱ्यास सुरुवातीस थोडें नत्र व त्याच्या दुप्पट स्फुरद पुरे होतें. जें देव हवेंतून फुकट देतो तें कर्ज काढून विकत घेण्यांत कोणतें शहाणपण?

तिसरा प्रश्न : खत कोठें?

येथेंच माळ्याच्या कुदळीचें मर्म आहे. स्फुरद मातींत फार थोडें सरकतें. जेथें पडतें तेथेंच बहुतेक राहतें. आपल्या काळ्या जमिनींत चुना असतो. तो स्फुरदास धरून ठेवितो आणि तें पिकास सहज मिळेनासें होतें. वरून फेंकलेलें स्फुरद वरच्या कोरड्या थरांत अडकतें व मूळ खालीं ओलाव्यांत त्याची वाट पाहत राहतें. म्हणून संयुक्त खत पेरूनच द्यावें. दोन चाड्यांची पाभर ह्याचसाठीं आहे : एका चाड्यांतून खत जातें, दुसऱ्यांतून बीं. खत बियांच्या सुमारें दोन इंच खालीं व दोन इंच बाजूस पडावें. तें बियांस चिकटून पडलें तर उगवण जळते, फार दूर पडलें तर कोंवळ्या मुळास सांपडत नाहीं. ज्यांच्यापाशीं अशी पाभर नाहीं त्यांनीं आधीं खत थोडें खोल पेरावें आणि मग बीं त्याहून वर पेरावें. हें सर्व वाफशावर करावें. कोरड्या ढेंकळांत किंवा चिखलांत करूं नये.

फळझाडाचेंहि असेंच आहे. पुष्कळ जण खत खोडाला टेकवून ओततात. परंतु अन्न घेणारीं बारीक मुळें खोडापाशीं फारशीं नसतात. फांद्यांचा घेर जेथें संपतो त्या सुमारास तीं अधिक असतात. तेथें वर्तुळाकार उथळ चर काढावा, खत घालून मातीनें झांकावें व पाणी द्यावें. त्या माळ्यानें झाडाभोंवतीं खणण्याचें ठरविलें, तें उगीच नव्हे.

युरियाची गोष्ट निराळी. तो पाण्याबरोबर धांवतो व हवेंतहि उडून जातो. चुन्याच्या जमिनीवर उघडा टाकलेला युरिया अमोनिया वायु होऊन निघून जातो, आणि पाट दांडगा सोडिला तर तो मुळांच्या खालीं वाहून जातो. म्हणून तो ओळींत द्यावा, मातींत मिसळावा आणि हलकें पाणी द्यावें. थोरल्या भावाच्या शेतांतील स्फुरद वर अडकून राहिलें, आणि नत्र कांहीं आकाशांत व कांहीं पाताळांत गेलें. मग जमिनीस दोष कां द्यावा?

चवथा प्रश्न : खत केव्हां?

प्रत्येक गोष्टीस समय आहे, हें उपदेशकाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत आपण वाचितों. स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळींच द्यावें, कारण मूळ फुटतांनाच त्यांचें काम पडतें आणि तीं जमिनींत टिकून राहतात. नत्र मात्र टिकत नाहीं. म्हणून तें हप्त्यांनीं द्यावें. गहूं पेरल्यापासून सुमारें २१ दिवसांनीं त्यास जमिनीलगतच्या कांड्यांतून नवीं, टिकाऊ मुळें फुटूं लागतात. तो त्याच्या भुकेचा व तहानेचा समय होय. त्या वेळीं खुरपणी करावी, पानांवरचें दंव वाळूं द्यावें, मग युरियाचा दुसरा हप्ता द्यावा आणि पाणी द्यावें. खुरपणी आधीं कां? नाहींतर आपल्या पैशाचें खत तण खाईल. दंव कां वाळूं द्यावें? ओल्या पानांवर दाणे चिकटले तर पान करपतें. तान्ह्या लेंकरास आई वर्षाचें दूध एके दिवशीं पाजीत नाहीं. घोंट घोंट, वेळेवर पाजिते. शेतासहि तसेंच द्यावें.

ह्या चार प्रश्नांशिवाय आणखी दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे.

एक शेणखताविषयीं. संयुक्त खत आलें म्हणून उकिरड्याची लाज वाटूं देऊं नका. शेणखतांत नत्र शेंकडा अर्ध्या किलोच्या आसपासच असतें, म्हणून केवळ त्यावर गव्हाची सगळी भूक भागविणें कठीण. पण पिशवींत जें मिळत नाहीं तें शेणखत देतें. तें मातीस भुसभुशीत करितें, ओल धरून ठेवितें आणि दिलेलें खत वाहून जाऊं देत नाहीं. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८४३ पासून एका शेतांत गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. तेथें खत मुळींच न दिलेल्या तुकड्याच्या मानानें शेणखत मिळत आलेल्या तुकड्यांतील मातीचा सेंद्रिय अंश दुपटीहून अधिक झाला आहे. पिशवी व पाटी ह्या दोघी बहिणी आहेत. त्यांस एका घरांत नांदूं द्या.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याविषयीं. पिकानें न घेतलेलें नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खालीं मुरतें आणि विहिरीस मिळतें. पिण्याच्या पाण्यांत एका लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें असें आपल्या देशाचें प्रमाण आहे. त्याहून फार अधिक असलेलें पाणी वरच्या दुधांत घातलें तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते आणि मूल निळें पडूं शकतें. म्हणजे माझ्या शेतांत मीं बेहिशेब ओतलेली पिशवी शेजारणीच्या लेंकराच्या वाटींत जाऊं शकते. शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीति करण्याची आज्ञा बांधापाशीं संपत नाहीं. ती विहिरीच्या झऱ्यापर्यंत जाते.

आतां, उपदेशक व शिक्षक बंधूंनो, विशेषेंकरून तुमच्यासाठीं दोन शब्द. मंडळींत अशीं वडील माणसें व विधवा बहिणी आहेत, ज्यांस पिशवीवरील आंकडे व पत्रिकेवरील बारीक अक्षरें वाचतां येत नाहींत. दुकानदार देईल तें त्या मुकाट्यानें घेतात. उपासना झाल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्यांची पत्रिका वाचा, एकराचा हिशेब मांडून द्या, आणि हंगामांत एका पाभरीवर चार घरांची पेरणी कशी उरकेल तें ठरवा. हें केल्यानें तुमच्या कामास कमीपणा येणार नाहीं.

आणि शिकविण्याच्या कामांतहि माळ्याची रीत विसरूं नका. आपण पुष्कळ वेळां वचन वरून फेंकितों. मोठ्यानें, पुष्कळ, एकदांच. मग मंडळी वाढत नाहीं म्हणून मंडळीस दोष देतों. नवीन विश्वासणाऱ्याच्या मनाची जमीन आधीं प्रेमानें व धीरानें भुसभुशीत केली काय? त्याची खरी उणीव कोणती, हें पाहिलें काय? त्यास एके दिवशीं सगळें न सांगतां, दुःखाच्या व मोहाच्या नेमक्या वेळीं थोडें थोडें, त्याच्या मुळाशीं दिलें काय?

त्या अंजिराच्या झाडास शेवटीं फळ आलें कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. वर्षाची मुदत मिळाली, एवढेंच आपणांस कळतें. पुढचें माळ्याच्या हातांवर सोडिलें आहे. तीच मुदत ह्या हंगामांत आपणांस मिळाली आहे. तर मग रान वाईट, बीं वाईट, नशीब वाईट असें म्हणण्यापूर्वीं आपण आपल्या हातांस विचारूं : मीं खणलें काय? मापलें काय? मुळाशीं व वेळेवर दिलें काय? एवढें आपलें काम आहे. वाढविणें हें देवाचें काम आहे, आणि तो आपल्या कामांत कधीं चुकत नाहीं.

तो आपणां सर्वांस विश्वासू माळ्याचे हात देवो. आमेन.